फिटरकाकांनी काढून ठेवलेलं हँडल

शनिवारी सकाळी दहा वाजता इंजिन सुरू होणार ही बातमी बुधवारपर्यंत अख्ख्या वस्तीत पसरली, आणि धाकटीची झोपच उडाली. भीतीने म्हणाल तर थोडी भीतीने, पण निम्म्याहून जास्त आनंदाने. अहो, पन्नास वर्षं गप्प पडलेलं तेलाचं इंजिन ते! नुसतं त्याचं चाकच दोन माणसांच्या उंचीचं. जुन्या पंपघरातलं हे धूड तिच्या बाबांनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या फिटरकाकांनी, निवृत्तीनंतर बारा वर्षं खपून नटानटाने पुन्हा उभं केलं होतं. आणि ते फिरताना बघायला फिटरकाकाच नव्हते. पाच आठवड्यांपूर्वी ते गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात चालत गेले आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं सगळं.

ते गेल्यावर महिन्याभरात नगरपालिकेचं पत्र येऊन पडलं. पंपघर पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची असा ठराव झाला होता, त्यावर काकांनी अर्जांवर अर्ज करून हरकत घेतली होती, आणि आता कुठे पाहणी समिती यायची होती. यंत्र चालू स्थितीत असेल तर इमारतीसकट राखायचं. नसेल तर भंगार समजून सोमवारी फाईल पुढे. इतकं सरळ होतं ते. शनिवारी दहाला इंजिन फिरलं नाही की बाबांची बारा वर्षं ट्रकमध्ये भरून जाणार, हे धाकटीला रात्रंदिवस दिसत होतं.

बाकी तयारीत कसूर नव्हती. तेल भरलेलं, हवेची टाकी दाबाने टच्च, पितळी नळ्या अशा घासलेल्या की त्यात बघून भांग पाडावा. फक्त एक वस्तू जागेवर नव्हती: हवेच्या व्हॉल्व्हचं हँडल. हे इंजिन सुरू करायचं म्हणजे टाकीतली हवा एकदम आत सोडावी लागते, तेव्हा ते धूड पहिला हेलकावा घेतं. ती हवा सोडणारं वीतभर लांबीचं लोखंडी हँडल. त्याची खाचही अशी तिरकी की दुसरा कुठला पाना तिथे बसायचा नाही. ते गेलं कुठे?

फिटरकाका वस्तू हरवणाऱ्यांतले नव्हते, हे आधी सांगायला हवं. चाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली त्यांनी. अठराव्या वर्षी ह्याच पंपघरात लागले, ह्याच इंजिनावर शिकले, आणि वर्षाच्या आत विजेचे पंप आले, इंजिन बंद झालं, खोलीला कुलूप लागलं. माणूस त्या कुलपावरून चाळीस वर्षं रोज ये-जा करत राहिला. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन त्या खोलीची किल्ली मागितली. साहेब म्हणाले, काका, आता आराम करा. काकांनी एवढंच विचारलं की आराम तिथे जाऊन केला तर चालेल का.

बरं, घर वाऱ्यावर सोडून यंत्राच्या मागे लागलेल्यांतलेही नव्हते. आईचा खांदा आखडला, हात वर जाईना, तेव्हा काकांनी चकार शब्द न काढता आठवडाभरात स्वयंपाकघरातली सगळी फळ्या-कपाटं हातभर खाली घेतली. स्वतः सहा फुटी माणूस, जन्मभर मग वाकून चहाचा डबा काढत राहिला. थोरला मुलगा परगावी. त्याला रोज पावणेआठला फोन करून तिकडे हवा कशी आहे विचारायचं, बस, दुसरं काही बोलायचं नाही. तो वैतागायचा. बाबा गेल्यावर पावणेआठला त्याचा आईला फोन यायला लागला, आणि तोही हवेचंच विचारतो.

धाकटीचं शिवणकामाचं दुकान. शाळेचे गणवेश शिवते ती. चार मशिनं, एक कापायचं लांब टेबल, भिंतीला खडूने काढलेली मापं आणि निळ्या कापडाचे गठ्ठे छतापर्यंत. दर बुधवारी काका तेलाची बुधली घेऊन हजर. टेबलाला कान लावून प्रत्येक मशिन ऐकायचे. गिऱ्हाइकं बघत उभी राहायची, धाकटीला लाजल्यासारखं व्हायचं. "तीन नंबरचं घसा खाकरतंय गं," म्हणायचे, आणि खरंच, दोन दिवसांत त्या तीन नंबरचा पट्टा तुटायचा.

आणि दुसरं वेड पाखरांचं. पंपघरामागे जुना तलाव आहे, त्याच्या काठाने पहाटे फिरणं कधी चुकलं नाही. कुठल्या झाडावर कुणाचं बिऱ्हाड आहे ते त्यांना गल्लीतल्या बिऱ्हाडांहून जास्त माहीत. पण ते कुणाला सांगायचे मात्र नाहीत. एकदा सांगून बसले होते. काठच्या मातीत खंड्याने घर केलं होतं, कौतुकाने चार जणांना दाखवलं, चाराचे चाळीस झाले, मोबाईल घेऊन माणसं बिळाशी ओणवी झाली, आणि तिसऱ्या दिवशी जोडपं पिल्लं टाकून निघून गेलं. काका आठवडाभर धड जेवले नाहीत. त्यानंतर पाखरांच्या बाबतीत तोंडाला कुलूप.

तर अशा माणसाने हँडल ठेवलं तरी कुठे? खरं तर इंजिन त्यांच्या हयातीतच सुरू व्हायचं. सगळं जुळून आलं होतं, वस्तीतली मंडळी रोज विचारत होती, आणि काका एकाएकी म्हणायला लागले की थोडं थांबूया. का, ते सांगेनात. लोक चेष्टा करायला लागले, काकांनी ऐन वेळी कच खाल्ली म्हणाले. काका हसायचे फक्त. आणि मग दहा दिवसांत ते गेलेच.

धाकटीने तीन दिवस घर पालथं घातलं. हत्यारांची पेटी, माळा, बुटांचे खोके, गाद्यांच्या खाली, एवढंच काय, फ्रिजच्या मागेसुद्धा. पंपघरातला एकूण एक कोनाडा बघितला. आई पलंगावर बसून मटार सोलत तिच्याकडे बघत होती. विचारलं की म्हणायची, असेल कुठेतरी. धाकटीला वाटलं, आईचं लक्षच नाही, बाबा गेल्यापासून असंच आहे तिचं.

शेवटी गुरुवारी तिने व्हॉल्व्हचं माप घेतलं, कापडाचं माप घ्यावं तसं, कागद लावून, कातरून, दोनदा तपासून, आणि लेथवाल्याकडे जाऊन उभी राहिली. त्याने दोन तासांत नवंकोरं हँडल हातात ठेवलं. पंपघरात येऊन तिने ते बसवलं आणि अहाहा! काय बसलं म्हणता! धाकटी त्या रिकाम्या खोलीत एकटीच टाळ्या पिटत गोल फिरली. चाळिशी उलटलेली बाई, शाळेच्या गणवेशाचे दोरे चिकटलेली साडी, पण फिरली. सुटले, म्हणाली. झालं काम.

शनिवारी साडेआठला लंबूकाका आले. हे काकांचे जोडीदार, त्यांच्याबरोबरच कामाला लागलेले, उंचीने जेमतेम खांद्याला लागणारे, म्हणून लंबू. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला लेकीकडे गेले होते, डोळ्यांमुळे काकांच्या शेवटच्या भेटीलाही येता आलं नव्हतं. दारात उभे राहून काळ्या चष्म्याच्या आतून डोळे पुसले, मग चष्मा काढून खिशात टाकला आणि कामाला लागले. हे इंजिन सुरू करणं ठाऊक असलेला हा आता एकच माणूस शिल्लक. तेल बघितलं, हवेचा काटा बघितला, नट हाताने चाचपले, मान डोलवत पुढे सरकत गेले. आणि व्हॉल्व्हपाशी थांबले.

"हे कुठून आलं?"

धाकटीने मोठ्या अभिमानाने सगळी हकिगत सांगितली. लंबूकाकांनी ती पुरती ऐकलीच नाही.

"जुनं कुणी काढलं होतं?"

"बाबांनीच. दुसरं कोण काढणार?"

लंबूकाका खाली बाकावर बसले. "मग पोरी," ते म्हणाले, "आत कोण आहे?"

तेव्हा धाकटीला पहिल्यांदा कळलं की आपण काय करून बसलोय. पंपघराचा एक कायदा होता, कागदावर नव्हता, पण साहेबापासून हमालापर्यंत सगळे तो पाळत. इंजिनाच्या पोटात जो माणूस शिरेल, खड्ड्यात म्हणा, धुराच्या खोलीत म्हणा, त्याने आधी हे हँडल उपसून खिशात घालायचं. हँडल नाही तर इंजिन नाही. बाहेर आल्यावर त्यानेच ते परत लावायचं. दुसऱ्या कुणी नाही, आणि काहीही झालं तरी दुसरं हँडल बनवायचं नाही. फार वर्षांपूर्वी एका उतावळ्या साहेबाने बनवून घेतलं होतं, त्या दिवशी आत गेलेला माणूस आतच राहिला. काका आणि लंबू दोघंही ह्या कायद्यात वाढलेले. आत कुणी नसताना काका ते हँडल काढतील, हे लंबूकाकांच्या डोक्यात शिरेना.

मग दोघांनी बॅटरी घेऊन इंजिन धुंडाळायला सुरुवात केली. खड्ड्यात कुणी नाही. चाकामागे कुणी नाही. राहिली मागच्या बाजूची धुराची खोली, म्हणजे विटांची बुटकी कोठी. इंजिनाचा धूर आधी तिथे जातो आणि मग उंच धुराड्यातून वर. तिच्यावर लोखंडी झाकण, दोन बोल्टांचं. बोल्टांना ताजं ग्रीस होतं आणि ते बोटांनी फिरत होते. लंबूकाकांनी झाकण कलतं केलं मात्र, आतून फुस्स करून असा आवाज आला की धाकटी दोन पावलं मागे उडाली. सायकलच्या पाच ट्यूब एकदम पंक्चर व्हाव्यात तसा.

घुबडं होती. पाच पिल्लं, कापूस चिकटल्यासारखी, पत्त्यातल्या बदामासारखी पांढरी तोंडं, एकमेकांना बिलगून डावीउजवीकडे झुलत होती आणि फुसफुसत होती. वरच्या कडेवर त्यांची आई डोळे मिटून बसलेली, तिने एक डोळा उघडला. धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं: पाच अंडी. खाली तारीख. त्याखाली: तीन महिने थांबणे.

बाबांनी कच खाल्ली नव्हती! धाकटीला त्या चेष्टा करणाऱ्या एकेकाला कानाला धरून इथे आणावंसं वाटलं. पण घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर माणसं जमायला लागली होती, आणि तीन महिने भरायला अजून सहा आठवडे बाकी होते.

तिने विचारायचं ते सगळं विचारलं. पाच मिनिटंच चालवलं तर? पहिल्याच धुरात आटोपतील, लंबूकाका म्हणाले. उचलून टोपलीत ठेवली तर? आई परत घेईलच असं नाही, खंड्याचं विसरलीस का. समितीला सहा आठवडे मागितले तर? ते द्यायचे नाहीत, फाईल सोमवारी जायची आहे. मग धाकटीने त्या चकचकीत नव्या हँडलकडे बघितलं. लपवायचं कशाला, तिच्या मनात आलं की झाकण लावून टाकावं. पाच घुबडं, ज्यांना लोक एरवीही दगडच मारतात. त्यांच्यापायी बाबांची बारा वर्षं? कुणाला कळणार होतं?

"तो असता तर त्याने हात लावला नसता," लंबूकाका म्हणाले. "पण तो नाही. तू सांगशील ते करतो मी."

धाकटीने हँडल उपसलं आणि पदराखाली घट्ट धरून बाहेर गेली.

बरोबर दहाला समिती आली. पाच जण, आणि त्यांच्या प्रमुख एक मॅडम, कापलेले केस, पायात जाड बूट, चेहऱ्यावर सुरकुतीइतकंही हसू नाही. आईसुद्धा शेजारणीबरोबर येऊन खुर्चीवर बसली होती. धाकटीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आज इंजिन सुरू होणार नाही. गर्दीतून अरेरे झालं. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि कारण विचारलं. तिने एकेक करून सांगितलं: कायदा, हँडल, झाकण, पाच पिल्लं. एक सदस्य हसलाच, म्हणाला, घुबडांसाठी पाहणी पुढे ढकलायची का आता?

मॅडम त्याच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्या मागे गेल्या, झाकण उचललं, फुस्स ऐकलं, खडूची अक्षरं वाचली, आणि झाकण हलक्या हाताने परत ठेवलं. परत येऊन म्हणाल्या, "मी बावीस वर्षं कारखान्यात काढली आहेत. आमच्याकडेही हाच कायदा होता. मूळ हँडल कुणाकडे आहे?"

धाकटी सांगणार होती की ते हरवलंय.

"माझ्याकडे," आई म्हणाली.

सगळे वळले. आईने मांडीवरची पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेलं ते काळं, तेलकट हँडल काढलं, आणि सगळ्यांना दिसेल एवढंच वर धरून पुन्हा रुमालात गुंडाळलं. तीन दिवस! फ्रिजच्या मागे हात घालून घालून कोपर सोललं होतं तिचं!

मॅडमनी आईलाच विचारलं की इंजिन कधी सुरू करता येईल. आईने झाकणावर खडूने लिहिलेली तारीख विचारून घेतली, बोटांवर मोजलं, आणि दीड महिन्यानंतरचा शनिवार सांगितला, एखाद्या साहेबाने सांगावा तसा. मॅडमनी उभ्या उभ्या कागदावर लिहिलं: यंत्राच्या आत काम चालू असल्याने पाहणी पुढे. त्या हसणाऱ्या सदस्याला म्हणाल्या, सही करा. फाईल सोमवारी जाणार नव्हती. लंबूकाकांनी आनंदाने टोपी हवेत उडवली आणि ती तलावात पडली.

गर्दी पांगल्यावर धाकटी आईसमोर बसली. रागवायचं ठरवून बसली होती. आई तिच्याकडे न बघता सांगत गेली. दवाखान्यात निघताना ह्यांनी हातात दिलं, म्हणाले, आत मंडळी आहेत, मी मागेन तेव्हाच दे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, पोरांनासुद्धा नाही. बस, एवढंच. कोण मंडळी, ते विचारायचं राहून गेलं.

"पण आई, बाबा गेले ना. आता कोण मागणार?"

"तेच तर," आई म्हणाली. "माझ्याकडे आहे तोवर वाटायचं, मागायला येतील."

धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने आईच्या आखडलेल्या खांद्यावर डोकं टेकलं. लंबूकाका काठावर काठीने टोपी ओढत होते.

ते सहा आठवडे कसे गेले विचारू नका. पिल्लांना पिसं फुटली, ती धुराड्याच्या तोंडाशी येऊन बसायला लागली, एक पडलं, परत चढलं. वस्तीत ह्या वेळी कुणी मोबाईल घेऊन ओणवं झालं नाही. चाळीस माणसांनी गुपित ठेवलं, म्हणजे काय म्हणायचं! शेवटचं, सगळ्यांत बारकं पिल्लू ठरल्या शनिवारच्या चार दिवस आधी उडालं. तरीही शनिवारी सकाळी लंबूकाकांनी दोनदा झाकण उघडून बघितलं, आणि धाकटीला तिसऱ्यांदा बघायला लावलं.

मॅडम आल्या, माणसं खिडक्यांत चढून बसली, थोरला परगावाहून धावतपळत पोचला. धाकटीने आईपुढे हात केला. आईने मानेनेच नाही म्हटलं. उठली, त्या सहा फुटी माणसाने सत्तर हजार वेळा पुसलेल्या व्हॉल्व्हपाशी गेली, आणि रुमाल सोडून हँडल स्वतः बसवलं. हात वर जाईना, तेव्हा धाकटीने तिचं कोपर खालून उचलून धरलं. लंबूकाका म्हणाले, वहिनी, आता ओढा.

हवा सुटली. चाक हललं, थबकलं, आणि मग धप्प! धप्प! करत ते जे सुटलं! फरशी हादरली, काचा थरथरल्या, धुराड्यातून पहिला काळा भपकारा वर गेला आणि गर्दीने असा गलका केला की इंजिन ऐकू येईना. थोरला लहान मुलासारखा रडत होता. धाकटी काही न सुचून मॅडमनाच मिठी मारून बसली. मॅडमनी मिठी सोडवून घेतली, चष्मा पुसला, आणि कागदावर सही केली: यंत्र चालू स्थितीत, इमारतीसह राखावे.

पंधरा मिनिटांनी लंबूकाकांनी खूण केली, पहिल्याच दिवशी एवढं पुरे, आता तेल बंद करतो. आई चाकापाशी उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा हे इंजिन बंद पडून वर्षं झाली होती. तिने त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला होता. तिने लंबूकाकांचा हात धरला.

"इतक्यात नको," ती म्हणाली. "अजून थोडं चालू दे."